शेवटचे 4.7 सेकंद

काल सोसायटीच्या कोर्टवर पोरं भांडत होती, शेवटचा शॉट कोण मारणार यावरून. मला लगेच माझी लाडकी टीम आठवली: व्हिलानोवा.

4 एप्रिल 2016, ह्यूस्टन. अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलची फायनल. नॉर्थ कॅरोलायनाच्या मार्कस पेजने 74-74 अशी बरोबरी साधली. उरले 4.7 सेकंद.

टाइमआउटनंतर व्हिलानोवाच्या सहा फूट अकरा इंचाच्या डॅनियल ओचेफूने मॉप घेतला आणि घामाने ओला झालेला कोर्ट स्वतः पुसला. तिथेच त्याला स्क्रीन लावायची होती, म्हणजे सोबत्याच्या मागे लागलेल्या खेळाडूच्या वाटेत उभं राहायचं होतं.

क्रिस जेन्किन्सने बॉल आत टाकला, रायन आर्चिडियाकोनो तो घेऊन धावला. चौथ्या वर्षाचा सीनियर, कॉलेजचा शेवटचा सामना. शॉट त्यानेच मारला असता तरी कोणी बोट ठेवलं नसतं. त्याने मागून येणाऱ्या जेन्किन्सला पास दिला.

थ्री-पॉइंटर. 77-74!

ही क्लिप मी असंख्य वेळा पाहिली आहे. हल्ली बॉलपेक्षा ओचेफूकडेच जास्त बघतो. माझ्या लेखी तो मॉप त्या शॉटइतकाच मोलाचा.

2018 मध्ये कोच जे राइट यांची हीच टीम पुन्हा चॅम्पियन झाली.

स्क्रीन, पास, डिफेन्स, काहीही विचारा. कमेंटमध्ये सविस्तर सांगेन.