नव्या धाग्याचा मान : वारसा की लेखी हुकूम?

वारसा कोणी न सांगता चालू राहतो. थांबवावयाचा असेल तर मात्र स्पष्ट शब्दांत सांगावे लागते. रत्नागिरीकरांना हे नव्याने समजावून देण्याचे कारण नाही. येथील खोती पिढ्यान् पिढ्या बापाकडून मुलाकडे जात राहिली. ती नष्ट करण्यासाठी १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, आणि अखेर १९४९ चा कायदा व्हावा लागला. आज आम्ही ज्या विषयाची ओळख करून देणार आहोत तो संगणकाच्या पोटातला आहे. परंतु त्याचे मर्म हेच आहे.

सी ही संगणकाची भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७० च्या सुमारास घडविली. या भाषेत लिहिलेली आज्ञावली एकाच वेळी अनेक कामे हाती घेऊ शकते. अशा प्रत्येक कामाच्या ओघाला ‘थ्रेड’, म्हणजे धागा, म्हणतात. रुग्णाच्या खाटेशेजारचे यंत्र डोळ्यांपुढे आणा. एक धागा हृदयाचे ठोके मोजतो, दुसरा पडद्यावर रेषा काढतो, तिसरा सारी नोंद ठेवतो. काम करणारा प्रोसेसर मोजकाच, आणि धागे पुष्कळ. मग आधी पाळी कोणाची?

याचे उत्तर आपल्या स्टेशनावर पाहावयास मिळते. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. त्याचा बहुतेक भाग एकेरी आहे. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा सुमारे साडेसहा किलोमीटर लांब. त्यात समोरासमोरच्या दोन गाड्या एकाच वेळी सोडता येत नाहीत. म्हणून मालगाडी बाजूच्या रुळावर थांबते आणि राजधानी पुढे निघून जाते. मालगाडीचा यात अपमान नाही. कोणाच्या विलंबाने किती नुकसान होते, याचा तो हिशेब आहे.

संगणकातही धाग्यांना असाच मान असतो. लिनक्स या प्रणालीत सामान्य धाग्यांचा एक वर्ग आहे. ते आपापसांत वेळ वाटून घेतात. त्यांच्यावर तातडीच्या धाग्यांचा वर्ग. त्यांना १ ते ९९ पर्यंत क्रमांक मिळतो, आणि मोठा क्रमांक आला की लहानाने बाजूला व्हायचे. तातडीचा धागा स्वतः थांबेपर्यंत सामान्य धाग्याला फारसा वाव मिळत नाही. सारे यंत्र गोठू नये म्हणून लिनक्स प्रत्येक सेकंदातला सुमारे विसावा हिस्सा सामान्यांसाठी राखून ठेवते, एवढाच काय तो दिलासा.

आता मुख्य प्रश्न. चालू असलेला धागा जेव्हा नवा धागा जन्माला घालतो, तेव्हा त्या नव्याला कोणता मान मिळावा? १९९५ साली ठरलेल्या ‘पॉझिक्स’ नियमांनी यासाठी एक फॉर्मच दिला आहे. त्यात धाग्याचा वर्ग लिहिता येतो, क्रमांक लिहिता येतो. आणि आणखी एक रकाना आहे, ज्याकडे नवशिक्यांचे हटकून दुर्लक्ष होते. तो विचारतो : जन्मदात्याचा मान वारशाने घ्यावयाचा, की या फॉर्मात लिहिलेला?

लिनक्समध्ये हा रकाना आपण भरला नाही, तर उत्तर ‘वारसा’ असे धरले जाते. येथेच गफलत होते. लेखक मोठ्या काळजीने ‘तातडीचा वर्ग, क्रमांक ८०’ असे लिहितो. यंत्र फॉर्म घेते, चूक दाखवीत नाही, आणि जन्मदाता सामान्य असल्यास धागाही मुकाट्याने सामान्यच जन्मतो. ठोके मोजणारा धागा रांगेत मागे उभा राहतो, आणि यंत्रावर भार नसतो तोवर कोणाला पत्ताही लागत नाही. भार वाढतो त्या दिवशी ठोका चुकतो. आणि तो दिवस नेमका गर्दीचा असतो.

उलटही घडते. तातडीच्या धाग्याने नोंदवही लिहिण्यासाठी एक मदतनीस निर्माण केला, तर बापाचा मान त्याला फुकट मिळतो. किरकोळ नोंदी लिहिणारा तो राजधानीच्या डौलात रुळावर उभा राहतो, आणि महत्त्वाच्या गाड्या खोळंबतात. येथे जन्मदाता म्हणजे आज्ञावलीचा मुख्य धागा नव्हे, तर निर्मितीची आज्ञा देणारा धागा, हेही ध्यानी ठेवावे. दुसऱ्याने लिहिलेल्या आज्ञावलीने आपला भाग बोलावला, तर आपल्या धाग्यांचा बाप कोण होईल हे आपल्याला आधी ठाऊक नसते.

उपाय सोपा आहे. प्रथम फॉर्म कोरा करून घ्यावा. मग ‘वारसा नको, लिहिलेले पाळा’ असे सांगावे. त्यानंतर वर्ग, त्यानंतर क्रमांक लिहावा, आणि मगच धागा निर्माण करावा. एकदा धागा जन्मला की फॉर्मात खाडाखोड करून उपयोग नाही. त्याचा मान बदलावयाचा तर निराळी आज्ञा द्यावी लागते. शेवटी, निर्मितीचे उत्तर तपासावे. तातडीचा वर्ग देण्याचा अधिकार आज्ञावलीला नसेल, तर निर्मिती नाकारली जाते. हा नकार आम्हाला स्वागतार्ह वाटतो. मुकाट्याने चुकीचे करणाऱ्या यंत्रापेक्षा ‘नाही’ म्हणणारे यंत्र केव्हाही बरे.

येथे एक घोटाळा टाळावा. ‘प्राधान्याचा वारसा’ या नावाची दुसरीही एक सोय आहे. कनिष्ठ धाग्याने कुलूप धरून ठेवले आणि वरिष्ठ त्यासाठी खोळंबला, तर कुलूप सुटेपर्यंत कनिष्ठाला वरिष्ठाचा मान उसना द्यावयाचा, ही ती सोय. तिचा धाग्याच्या जन्माशी संबंध नाही. परंतु तिचा इतिहास आपल्या विषयाला पूरक आहे. ४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचे ‘पाथफाइंडर’ यान मंगळावर उतरले आणि काही दिवसांनी त्याचा संगणक पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होऊ लागला. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कनिष्ठ कामाने कुलूप धरले होते. मधल्या दर्जाची कामे त्याला पुढे सरकू देत नव्हती, आणि वरिष्ठ काम ताटकळत होते. उसन्या मानाची सोय त्या प्रणालीत मुळातच होती, पण त्या कुलपासाठी ती चालू केलेली नव्हती. पृथ्वीवरून बदल पाठवून ती चालू केली, आणि यान सुधारले.

दोन्ही गोष्टींतून बोध एकच निघतो. यंत्राला जे आपण सांगत नाही, तेही कोणीतरी ठरवून ठेवलेले असते. सगळ्याच प्रणालींत ते सारखे असेल, असा भरवसाही धरू नये. आज आपले ठोके, आपल्या गाड्या, आपली वीज अशा आज्ञावलींच्या हाती आहे. तेव्हा नव्या धाग्याला कोणता मान द्यावयाचा हे ज्याला नक्की ठाऊक आहे, त्याने ते लिहावे. आणि ‘लिहिलेले पाळा’ हे दोन शब्दही लिहावयास विसरू नये.