मंद गतीचा धक्का

भिलाई म्हटले की डोळ्यांसमोर उभी राहते ती झोतभट्टी. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या भट्टीचे उद्घाटन झाले. भट्टीच्या तळाशी तप्त हवेचा झोत सोडतात, त्यात कोक जळतो आणि खनिजातून लोखंड सुटते. हवा आणि इंधन यांचे प्रमाण राखणे हा त्या विद्येचा गाभा होय. पाळी बदलते तेव्हा कारखान्याच्या दारातून मोटारसायकलींची जी रांग बाहेर पडते, तिच्यातील प्रत्येक इंजिनातही हाच प्रश्न सुटत असतो. तेथे हिशेब टनांचा, येथे मिलिग्रॅमचा, एवढाच काय तो फरक.

अशा संथ रांगेतच इंधन-इंजेक्शनच्या गाडीचा एक दोष प्रकट होतो. मोकळ्या रस्त्यावर गाडी सुरळीत धावते. परंतु ताशी पंधरा-वीस किलोमीटरच्या चालीत ॲक्सिलरेटरची मूठ किंचित पिळली, की ती आधी अडखळते आणि मग एकाएकी उसळी घेते. पावसाळ्यात, ओल्या वळणावर, मागे मूल बसलेले असताना असा झटका बसला तर तोल जाण्यास वेळ लागत नाही. म्हणून या दोषाकडे केवळ गैरसोय म्हणून पाहून चालणार नाही.

पूर्वी हे काम कार्ब्युरेटर करीत असे. स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे फिरवून मिस्त्री इंजिनाचा आवाज जुळवी. २००७ साली पुण्याच्या बजाज ऑटोने पल्सर २२० या गाडीत इंजेक्शनची योजना आणली. परंतु २००९ मध्ये त्याच गाडीला पुन्हा कार्ब्युरेटर बसविला. पुढे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे धूरनियम लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. स्क्रू गेला आणि त्याच्या जागी आला एक छोटा संगणक. तेव्हापासून गाडीने झटका दिला की दोष संगणकाचाच, अशी समजूत रूढ होऊ लागली. ही समजूत बहुधा चुकीची असते.

संगणक करतो काय? हवेच्या मार्गात एक चपटी, गोल झडप असते. मूठ पिळली की ती उघडते. झडप किती उघडली, नळीतील हवेचा दाब किती, हवेचे आणि इंजिनाचे तापमान किती, हे निरनिराळे सेन्सर कळवितात. त्यावरून इंजेक्टर किती सहस्रांश सेकंद उघडा ठेवावा, हे संगणक ठरवितो. पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. धुराच्या नळीतील ऑक्सिजन सेन्सर हे प्रमाण साधले की नाही, याची साक्ष देतो. संगणक इंजिन पाहत नाही. साक्षीदार जे सांगतील त्यावर तो विश्वास ठेवतो.

आता मंद गतीतच दोष का दिसावा? झडप पूर्ण उघडी असताना थोड्याशा मळाने काही बिघडत नाही. परंतु ती जेमतेम उघडलेली असते तेव्हा कडेला साचलेला काजळीचा पातळ थरही वाटेतील बरीचशी जागा अडवितो. शिवाय मूठ पूर्ण सोडली, की चालत्या गाडीत संगणक इंधन काही काळ बंद करतो. मूठ पुन्हा पिळताच ते एकदम सुरू होते. त्याच क्षणी चेन ढिली असली तर ती ताणली जाऊन चाकाला हिसका बसतो. अर्थात थोडासा झटका हा या योजनेचा स्वभावच आहे. वाढलेला झटका मात्र रोग समजावा.

उपाय करताना क्रम महत्त्वाचा. प्रथम पाहावी बिनखर्चाची गोष्ट. ॲक्सिलरेटरच्या केबलला गाडीच्या पुस्तिकेत दिली आहे तेवढीच ढील असावी. चेनचा झोल पुष्कळशा साध्या गाड्यांत २० ते ३० मिलिमीटर असतो, त्याहून अधिक नसावा. मागील चाकातील रबरी गुटके झिजले असतील तर बदलावे. त्यानंतर एअर फिल्टर आणि प्लग. मग इंजिन बंद करून, थंड झाल्यावर, हवेची झडप योग्य द्रावण व मऊ कापड यांनी पुसावी. खरवडू नये आणि कारखान्यात पक्का केलेला स्क्रू हलवू नये. काही गाड्यांना यानंतर मंद चाल पुन्हा शिकवावी लागते. ती रीत पुस्तिकेत दिलेली असते. झडप आणि इंजिन यांमधील रबरी नळी उष्णतेने तडकते आणि चोरवाटेने हवा शिरते. मंद चालत्या इंजिनात त्या जोडावर साबणाचे पाणी शिंपडावे. आवाज बदलला तर गळती तेथेच आहे. ही परीक्षा पेट्रोलने कदापि करू नये. पुढची पायरी टॅपेटची. थंड इंजिनात फिलर गेजने ते तपासावेत.

एवढे झाल्यावरच इंधनपंपाचा दाब, इंजेक्टर आणि सेन्सर यांची पाळी येते. बिघाडाचा दिवा लागला असेल तर त्याची नोंद आधीच वाचून घ्यावी. परंतु दिवा लागला नाही म्हणजे सारे ठीक, असेही नव्हे. सेन्सरची तार तुटली तर दिवा लागतो. ढिल्या चेनची वार्ता त्याला कोण देणार?

इंधनाचाही विचार हवा. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले, की हवेचे आवश्यक प्रमाण सुमारे साडेतेरावर येते. तापलेल्या इंजिनात ऑक्सिजन सेन्सर ही तूट बऱ्याच अंशी भरून काढतो. थंड इंजिनात त्याची साक्ष घेतलीच जात नाही. म्हणून जुनी गाडी सकाळी अडखळते आणि दहा मिनिटांनी सुधारते, तेव्हा कारण इंधनाच्या बाजूला असण्याचा संभव असतो. उलट गाडी तापल्यावरही झटके तसेच राहिले, तर नजर चेन, केबल आणि झडप यांकडे वळवावी.

बाजारात सेन्सरला फसवून अधिक इंधन सोडणाऱ्या लहान पेट्या मिळतात. मळ न काढता अशी पेटी बसविणे म्हणजे ताप न तपासता तापमापक बदलणे होय. पैसा जातो, पेट्रोल अधिक जळते आणि मूळ दोष दडून राहतो. एका वेळी एकच फेरफार करावा आणि नेहमीच्याच रस्त्यावर गाडी चालवून पाहावी. तरच गुण कशाने आला ते कळते. तोवर चालकाने गर्दीत मूठ किंचित उघडी ठेवून क्लचने वेग आवरावा, म्हणजे झटका पुष्कळ कमी जाणवतो.

सारांश, संगणक आला म्हणून मिस्त्रीची विद्या निरुपयोगी झाली नाही. स्क्रू फिरविणारा हात आता निराळे काम करतो. कान लावून ऐकणे आणि सोप्यापासून अवघडाकडे जाणे, ही त्या विद्येची मुळे मात्र तीच आहेत. जो मिस्त्री नवा भाग विकण्यापूर्वी चेन हाताने हलवून पाहतो, त्याच्या दुकानी गाडी निःशंकपणे न्यावी.