दीर्घ संहितांची संगणकीय साठवण : एक विचार

जुने ग्रंथ संगणकावर आणताना संहिता कशी साठवावी, हा प्रश्न बहुधा तंत्रज्ञांवर सोपविला जातो. वस्तुतः तो संहिताचिकित्सेचाही प्रश्न आहे. पोस्टग्रेएसक्यूएल या माहितीसंच-प्रणालीच्या आधारे हे स्पष्ट करता येईल.

या प्रणालीत माहिती सामान्यतः ८१९२ बाइटांच्या ‘पृष्ठां’त साठविली जाते व एक नोंद दोन पृष्ठांत विभागता येत नाही. यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. ‘क्षि’ हे अक्षर चार चिन्हांचे असल्याने १२ बाइट व्यापते. साहजिकच एका पृष्ठात जेमतेम २७०० चिन्हे मावतात. २००१ मध्ये आलेल्या ‘टोस्ट’ या व्यवस्थेने ही मर्यादा दूर केली. नोंद सुमारे २००० बाइटांपलीकडे गेली की दीर्घ मजकुराचा प्रथम संक्षेप केला जातो. तोही अपुरा पडल्यास मजकुराचे तुकडे वेगळ्या कोष्टकात जातात आणि मूळ नोंदीत केवळ निर्देशक उरतो. सूचिपत्रे दर्शनी भागात आणि ग्रंथ कोठीत, तशी ही रचना होय.

तिचे लाभ दुहेरी आहेत. कर्ता, शीर्षक, प्रकाशनवर्ष एवढेच मागितले असता संहिता वाचली जात नाही. आणि वर्षाची दुरुस्ती करताना ती पुन्हा लिहावी लागत नाही. मात्र प्रत्येक वेळी ‘सर्व रकाने’ मागविल्यास हा लाभ नष्ट होतो. उलट, शंभर ग्रंथांच्या संहिता खरोखरच हव्या असताना त्या एकेक करून मागविल्यास सूचीच्या एका मागणीखेरीज शंभर मागण्या कराव्या लागतात. विलंब हा सर्वत्र गुण नव्हे.

परंतु मूळ प्रश्न एककाचा आहे. ज्ञानेश्वरीचा एक अध्याय हे एकच क्षेत्र मानल्यास साठवण सुलभ होते. पण संक्षेपित मजकुरातील मधलीच ओवी हवी असली तरी त्यामागचा बराच भाग उलगडावा लागतो. शिवाय शके १५०६ मध्ये एकनाथांनी केलेल्या शुद्धीकरणापासून चर्चेत असलेले पाठभेद जोडण्यास निश्चित स्थान राहत नाही. सुमारे ९००० ओव्यांच्या स्वतंत्र नोंदी केल्यास प्रत्येक पाठभेद आपापल्या ओवीशी जोडता येतो, आणि सलग वाचनासाठी संपूर्ण अध्याय एकाच मागणीत क्रमाने मिळविता येतो.

तात्पर्य, संहितेचे एकक कोणते हे संपादकाने आधी ठरवावे. साठवणीची रचना त्याला अनुसरावी. हा क्रम उलटल्यास यंत्राच्या सोयीने ठरलेले विभाग पुढील अभ्यासकांवर संहितेचे विभाग म्हणून लादले जातात.