वाळवंटाचा पाहुणा आसगावकडे वळेल काय?

काम पुण्या-बेंगळुरूच्या कंपनीचे, मुक्काम मात्र मर्जीचा. लॅपटॉप घेऊन गावोगाव फिरणाऱ्या नोकरदारांचा नवा वर्ग तयार झाला आहे. हिवाळ्यात यांचे पाय राजस्थानकडे वळतात. जैसलमेरचे राष्ट्रीय मरुउद्यान ३,१६२ चौरस किलोमीटरचे; वाळूच्या टेकड्या, माळढोक पक्षी. तेथे येणाऱ्या पाहुण्यांवर उंटवाल्यांची, लंगा व मांगणियार या मुस्लिम गायकांची चूल पेटते. मार्चनंतर मात्र तो हंगाम सरतो.

नेमका तेव्हा आपला रंगतो. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ साली जाहीर झाले. नामांकित ‘जय’ वाघ २०१६ मध्ये बेपत्ता झाला खरा, पण उन्हाळ्यात पाणवठ्यावर वाघ पाहायला लोक येतातच. पवनी तालुक्यातील आसगावच्या व्यापारी बांधवांनी हिशेब मांडावा. रविवारचा पर्यटक एक रात्र राहतो. लॅपटॉपवाला महिनाभर राहील आणि सोमवारीही जेवेल. त्याला हवे काय? भरवशाचे इंटरनेट, इन्व्हर्टर, टेबल-खुर्ची, आणि वैदर्भी उन्हात कूलर तर हवाच. महिन्याचा भाव आधी ठरवावा. तोंड पाहून दर सांगितला की गिऱ्हाईक गेलेच समजा. खोलीत भंडाऱ्याची पितळी भांडी वापरायला ठेवावीत. हातात खेळलेली वस्तू माणूस विकत घेतो. पाहुणा परदेशी असल्यास २४ तासांत सरकारदरबारी नोंद आवश्यक.

पावसाळ्यात सफारी बंद असते. तेव्हा व्याजाचे कर्ज काढून खोल्या बांधण्याआधी घरातली एक रिकामी खोली लावून पाहावी.