घरची शाळा – भाग नववा : निर्मितीवादी विज्ञानाचे पुस्तक हाती घेण्यापूर्वी

भाषा आणि गणित शिकवताना घरी शिकवणारे पालक फारसे अडत नाहीत. बालभारतीची पुस्तके सहज मिळतात, गोष्टींची पुस्तके घरात असतात, पाढे आजी-आजोबा घेतात. विज्ञानापाशी आल्यावर मात्र श्रद्धाळू घरात खरा पेच पडतो. देवाने ही सृष्टी निर्माण केली असे आपण मुलांना रोज सांगतो. मग पृथ्वीचे वय साडेचारशे कोटी वर्षे आहे आणि माणूस व माकड यांचे पूर्वज एकच होते, असे सांगणारे पुस्तक त्यांच्या हाती कसे द्यायचे? या पेचातून काही पालक परदेशी बनावटीच्या निर्मितीवादी विज्ञान-संचांकडे वळतात. ते घ्यावेत की नाहीत, हा या भागाचा विषय.

शिरूर-दौंडच्या पट्ट्यात हा प्रश्न परका नाही. एकोणिसाव्या शतकात शिरूर हे अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन सव्वाशे वर्षांपासून उभे आहे. आणि हा प्रश्न ख्रिस्ती घरांपुरताही नाही. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत डार्विनचा सिद्धांत चुकीचा असून तो अभ्यासक्रमातून काढावा, असे जाहीरपणे म्हटले. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून ते खोडले, आणि सिंह यांचेच वरिष्ठ मंत्री, पुण्याचे प्रकाश जावडेकर यांनी अशी विधाने टाळायला सांगितले. श्रद्धा कोणत्याही धर्माची असो, विज्ञानाच्या तासाला ती कुठे बसवायची हे प्रत्येक घराला ठरवावे लागते.

आधी हे संच आले कुठून ते पाहू. १९६१ साली अमेरिकेत व्हिटकॉम्ब आणि मॉरिस यांचे ‘द जेनेसिस फ्लड’ हे पुस्तक निघाले. पृथ्वी काही हजार वर्षांचीच आहे आणि खडकांचे थर नोहाच्या काळातल्या महापुराने घातले, हा त्याचा दावा. तिथल्या सरकारी शाळांत हा विचार विज्ञान म्हणून शिरवण्याचे प्रयत्न झाले, पण १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो धर्मशिक्षणाचा भाग ठरवला. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या खटल्यात त्याचा नवा अवतारही नामंजूर झाला. सरकारी शाळेचे दार बंद झाल्यावर या विचाराला खासगी शाळांत आणि घरी शिकणाऱ्या मुलांच्या टेबलावर जागा मिळाली. अबेका, बॉब जोन्स युनिव्हर्सिटी प्रेस, अपोलोजिया ही त्यातली ठळक नावे.

या संचांचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. छपाई देखणी असते, धडे मुलाशी थेट बोलतात, घरच्या सामानातून करायचे प्रयोग असतात, आणि स्वतः विज्ञान न शिकलेल्या आईलाही ते शिकवता येतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, शरीराची रचना यांतला बराचसा भाग बरोबरही असतो. घोटाळा होतो तो काळाच्या आणि जीवांच्या इतिहासाच्या धड्यात. तिथे निष्कर्ष आधी ठरलेला असतो आणि पुरावा नंतर निवडला जातो.

हे पटवण्यासाठी मला अमेरिकेत जावे लागत नाही. शिरूर तालुक्यातच घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केले. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मोठी नावे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे नांदलेले शेतकऱ्यांचे गाव तिथे जमिनीखाली सापडले. ते लोक सातू पिकवत, पाणी वळवण्यासाठी बांध घालत, मूल दगावले तर दोन रांजणांची तोंडे जुळवून त्याला घराच्या जमिनीखालीच पुरत. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला माणूस सापडला. शेवटच्या काळात चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. हवामान कोरडे होत गेले आणि शेती उतरणीला लागली, असे संशोधकांनी त्यावरून ताडले. दुष्काळी पट्ट्यातल्या मुलाला हे लगेच कळते.

इनामगावचे वय कळले ते मुख्यतः कार्बनच्या मोजणीवरून. झाडे हवेतला कार्बन घेतात, त्यात थोडासा किरणोत्सारी कार्बन असतो. झाड मेले की नवा कार्बन यायचा थांबतो आणि आतला किरणोत्सारी कार्बन दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. चुलीतला कोळसा, करपलेला दाणा यांत तो किती उरला हे मोजले की काळ कळतो. सुमारे पन्नास हजार वर्षांपलीकडे मोजण्याइतका काही उरतच नाही.

निर्मितीवादी पुस्तके इथे एक युक्तिवाद करतात: कार्बनवरून कोट्यवधी वर्षे मोजता येत नाहीत, म्हणून कोट्यवधी वर्षांचे दावे पोकळ आहेत. यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. पण खडकाचे वय कार्बनवरून कोणीच मोजत नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणासाठी पोटॅशियमपासून तयार होणारा आर्गॉन वायू आणि युरेनियमपासून होणारे शिसे मोजतात. त्यावरून या लाव्हाचे मुख्य उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे ठरतात. जी पद्धत त्या कामासाठी वापरलीच जात नाही तिच्या मर्यादा दाखवून मुलाला निष्कर्षापर्यंत नेणे, ही शिकवण्यातली गंभीर लबाडी आहे. शब्द कडक आहे, पण दहा-बारा वर्षांच्या मुलाला ती पकडता येत नाही, म्हणूनच मी तो वापरतो.

विहीर खोदणाऱ्याला विचारा. मुरूम लागतो, मग मांजऱ्या, मग काळा कातळ. कुठे कुठे दोन कातळांच्या मध्ये लाल मातीचा पट्टा लागतो. दिवे घाटात रस्ता कापलेल्या भिंतीत असे पट्टे उघडे दिसतात. लाव्हाचा एक थर आला, निवला, ऊन-पावसाने त्याच्या वरच्या भागाची माती झाली, आणि मग पुढचा थर येऊन त्याने ती भाजून काढली. दगडाची माती व्हायला किती काळ लागतो हे शेतकऱ्याच्या मुलाला वेगळे सांगावे लागत नाही. एका वर्षाच्या महापुरात थरांमागून थर, आणि मधल्या प्रत्येक विसाव्यात नवी माती, हे जमणारे नाही. शिवाय हे थर पाण्याने आणलेल्या गाळाचे नाहीतच, वितळलेल्या खडकाचे आहेत.

टाकळी हाजी आणि निघोजच्या मध्ये कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे तर या भागातल्या बहुतेक मुलांनी मळगंगेच्या दर्शनाला गेल्यावर पाहिलेले असतात. प्रवाहाच्या भोवऱ्यात अडकलेले गोटे गरगर फिरून कातळ कोरतात. एका पावसाळ्यात किती कोरले जाते आणि खळग्याची खोली किती, याचा विचार मुलाने स्वतः करावा. याच कुकडीच्या काठी, वर जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकला ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि अश्मयुगीन हत्यारे सापडली. त्या राखेच्या वयावरून शास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. कोणी ती सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची मानली, कोणी कित्येक लाख वर्षांपूर्वीची. मला तो वाद शिकवण्याच्या दृष्टीने मोलाचा वाटतो. विज्ञानात भांडण कसे होते, कोणता पुरावा आणला की कोणाला मागे यावे लागते, हे मुलाला त्यातून दिसते. पण त्या वादातली सर्वांत कमी संख्यासुद्धा निर्मितीवाद्यांच्या ‘काही हजार वर्षां’च्या कितीतरी पलीकडे आहे.

उत्क्रांतीचा धडा याहून जवळचा आहे. बोंडअळ्यांना मारण्यासाठी बीटी कापूस आला २००२ मध्ये. दहा वर्षेही झाली नाहीत तोच गुजरातेत त्याला दाद न देणाऱ्या गुलाबी बोंडअळ्या आढळल्या, आणि २०१७ पर्यंत विदर्भातल्या शेतकऱ्याचे त्या अळीने कंबरडे मोडले. ज्या मोजक्या अळ्या जगल्या त्यांचीच पिल्ले वाढली, इतकी साधी ही गोष्ट. निर्मितीवादी पुस्तके एवढे मान्य करतात. ‘जातीच्या आत लहान बदल होतात, पण मूळ प्रकार बदलत नाही’, असे म्हणून ती तिथेच थांबतात. लहान बदल लाखो वर्षे साचत गेले तर त्यांना नेमके कुठे आणि कशाने थांबावे लागते, याचे उत्तर त्या पुस्तकांत मिळत नाही. उलट बाजूने एक सावधगिरीही हवी. शिरूरच्या उसात बिबट्या राहू लागला, ही उत्क्रांती नव्हे. ती त्या प्राण्याची सवय बदलली. चांगले पुस्तक हा फरक स्पष्ट करते.

मोराची चिंचोली तर शिरूर तालुक्यातच. मोराचा पिसारा हे निर्मितीवाद्यांचे आवडते उदाहरण, कारण एवढी सुंदर आणि उडताना अडचणीची वस्तू जगण्याच्या झगड्यात टिकावी कशी? हा प्रश्न डार्विनला त्यांच्या आधी पडला होता. १८६० मध्ये त्याने वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात मोराच्या पिसाने आपल्याला अस्वस्थ होते अशी कबुली दिली, आणि १८७१ च्या ग्रंथात लांडोरीच्या निवडीचे उत्तर मांडले. ज्यांना ते पत्र गेले ते एसा ग्रे निष्ठावान ख्रिस्ती होते आणि अमेरिकेत डार्विनचे पहिले मोठे पाठीराखेही. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठातला साधू होता. मानवी जनुकसंचाच्या प्रकल्पाचे नेतृत्व करणारे फ्रान्सिस कॉलिन्स श्रद्धाळू ख्रिस्ती आहेत. कॅथलिक चर्चने १९५० मध्ये उत्क्रांतीच्या अभ्यासाला हरकत नसल्याचे सांगितले, १९९६ मध्ये दुसऱ्या जॉन पॉल यांनी ती आता निव्वळ गृहीतक राहिलेली नाही असे म्हटले. देव हवा असेल तर डार्विन सोडा, ही अट धर्माने सरसकट घातलेली नाही. ती काही प्रकाशकांनी आणि पंथांनी घातली आहे.

आणि आपल्याकडे केडगाव आहे. रमाबाई स्वतः घरी शिकल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, आणि त्या आईने लेकीला शिकवले. तीर्थयात्रेच्या वाटेवर, शाळेच्या चार भिंतींशिवाय. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तरी तिथल्या धर्मगुरूंनी सांगितलेले सगळे त्यांनी डोळे मिटून घेतले नाही. त्रैक्याच्या सिद्धांतावरून सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांनी पत्रांतून केलेला वाद आज छापील उपलब्ध आहे. अमेरिकेत १८८६ ते १८८८ या काळात त्यांनी बालवाडीची शिक्षणपद्धती शिकून घेतली. केडगावच्या अभ्यासक्रमात साहित्याच्या जोडीला शरीरशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र होते. मुलींना स्वतःचे शरीर आणि भोवतालची सृष्टी कळावी, हा हेतू. शिवाय शेती, बागकाम, विणकाम, छपाई. ज्या बाईने आयुष्याची शेवटची वर्षे हिब्रू आणि ग्रीकमधून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली, तिच्या शाळेत विज्ञानाला स्वतःचे स्थान होते. बायबल त्या मुलींच्या रोजच्या जगण्यात होते, आणि वनस्पती समजावी म्हणून बागेत मातीही होती. श्रद्धाळू पालकांनी आदर्श शोधायचा तर तो दौंड तालुक्यातच आहे.

व्यवहाराची बाजू थोडक्यात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात घरच्या शाळेची स्वतंत्र तरतूद नाही, आणि घरी शिकवणाऱ्या पालकांना शिक्षा सांगणारे कलमही नाही. मूल पुढे मुक्त विद्यालयातून किंवा राज्य मंडळाकडे १७ नंबरचा अर्ज भरून दहावीला बसू शकते. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. केंद्राच्या एनसीईआरटीने दहावीतून उत्क्रांतीचा भाग वगळला तेव्हा २०२३ मध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी पत्र लिहून विरोध नोंदवला. मात्र बारावीच्या जीवशास्त्रात तो धडा कायम आहे. मुक्त विद्यालयाच्या बारावीच्या जीवशास्त्राचा तर पहिला धडाच जीवसृष्टीच्या उगमाचा आणि उत्क्रांतीचा आहे. ज्या मुलाला वैद्यकीय, कृषी किंवा पशुवैद्यकीय शाखेकडे जायचे आहे त्याला हे टाळता येणार नाही. सहा वर्षे ‘हे खोटे आहे’ ऐकलेल्या मुलाने परीक्षेपुरते ते पाठ करायचे, यात विज्ञानाचे नुकसान आहेच. श्रद्धेचेही आहे, कारण ज्या दिवशी त्याला पुरावा पटेल त्या दिवशी आई-वडिलांनी सांगितलेले बाकीचे सगळेही त्याला संशयास्पद वाटू लागेल.

माझा सल्ला स्पष्ट आहे: निर्मितीवादी संच विज्ञानाचे मुख्य पुस्तक म्हणून घेऊ नका. देवाने सृष्टी निर्माण केली हे प्रार्थनेच्या वेळी, कीर्तनात, रविवारच्या उपासनेत मनापासून सांगा. तो तुमचा हक्क आहे, आणि राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने तो जपला आहे. विज्ञानाच्या तासाला बालभारती घ्या. प्राथमिक वर्गांसाठी होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची पुस्तके घ्या, कारण त्यांत मूल आधी निरीक्षण करते आणि मग उत्तर लिहिते. अरविंद गुप्तांची टाकाऊतून केलेली खेळणी मराठीतही समजावलेली आहेत. मोठ्या मुलांसाठी नंदा खरे यांचे ‘कहाणी मानवप्राण्याची’ घरात असू द्या.

एखादा परदेशी संच हातात आलाच असेल तर विकत घेण्याआधी त्यातला पृथ्वीच्या वयाचा धडा काढा. विरोधी मत त्या मताच्या माणसांच्या शब्दांत नीट मांडले आहे का, कोणता पुरावा मिळाला तर लेखक आपले म्हणणे बदलेल हे सांगितले आहे का, आणि तुमच्या विहिरीतल्या दगडाला तो धडा लावता येतो का, एवढे तपासा. यांतले एकही नसेल तर तो संच परत करा.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास, राष्ट्रीय विज्ञानदिनानिमित्त, नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण लोकांना पाहायला खुली असते. शिरूरहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. मुलांना घेऊन जा, आणि तिथल्या संशोधकांना हवे ते प्रश्न त्यांना स्वतःला विचारू द्या, देवाबद्दलचेसुद्धा. पुढच्या आठवड्यात घरच्या प्रयोगवहीबद्दल.