जेवणाआधीचे कडू

वर्षाचा पहिला घास कडू घ्यावा, अशी आपली रीत आहे. गुढीपाडव्याला गोडाचे ताट वाढण्यापूर्वी कडुनिंबाची चटणी हातावर पडते. तोंड वाकडे करून आपण ती गिळतो आणि पुढच्या पाडव्यापर्यंत विसरून जातो. वसंतातील या व्याख्यानांच्या निमित्ताने तिचा थोडा विचार करावयाचा आहे. आम्ही वैद्य नव्हे. आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. परंतु जेथे पाळी वरचेवर बदलते, तेथे पोटाच्या तक्रारी मजुरीच्या तक्रारींइतक्याच कानांवर येतात. म्हणून हा विषय आम्हांला वाचून, विचारून समजून घ्यावा लागला.

प्रथम चटणी. करकंबसारख्या गावात कडुनिंब विकत घ्यावा लागत नाही. चैत्रात त्याला तांबूस कोवळी पालवी आणि पांढरा मोहोर येतो. चौघांसाठी दहा-बारा कोवळी पाने व चिमूटभर फुले घ्यावीत. त्यांत अर्धा चमचा ओवा, तितकेच जिरे, चार मिरे, थोडा हिंग, मीठ, बोराएवढी चिंच आणि सुपारीएवढा गूळ घालून बारीक वाटावे. प्रत्येकाने लहानशी गोळी घ्यावी. गूळ कडूची धार कमी करण्यापुरताच. कडूपणा बुडेल इतका नको. त्याचे कारण पुढे येईल.

दुसरा प्रकार काडेचिराइताचा. ही हिमालयाकडील वनस्पती. तिच्या वाळलेल्या काड्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. कोकणातले किराईत निराळे. नावाच्या सारखेपणामुळे गफलत होते, म्हणून दुकानदाराला विचारून घ्यावे. अर्धा चमचा भरड कपभर पाण्यात रात्री झाकून ठेवावी आणि सकाळी गाळावी. जेवणापूर्वी पाव तास दोन चमचे पुरे. हे पाणी टिकत नाही. त्याच दिवशी संपवावे, उरले तर टाकावे. परदेशात असले अर्क मद्यार्कात मुरवून टिकवतात. व्हेनेझुएलातील अंगोस्तुरा गावी सीगर्ट नावाच्या जर्मन डॉक्टरांनी 1824 मध्ये केलेला असा अर्क आजही प्रसिद्ध आहे. आपल्याला त्याची गरज नाही. रोज ताजे करणे हाच आपला उपाय.

आता हे कडू करते काय? रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. कुत्र्याने खाल्लेले अन्न गळ्यापाशीच बाहेर पडेल, जठरात पोचणार नाही, अशी योजना त्यांनी केली. तरीही रिकाम्या जठरात पाचकरस झरू लागला! म्हणजे पचनाची तयारी अन्न पोटात पडण्यापूर्वी, तोंडातच सुरू होते. पचनक्रियेवरील कार्याबद्दल त्यांना 1904 साली नोबेल पारितोषिक मिळाले. कडू ओळखणाऱ्या पेशींमधील खास ग्राहकांचा शोध 2000 साली लागला. माणसात त्यांचे सुमारे पंचवीस प्रकार आहेत आणि ते जिभेप्रमाणे आतड्यांतही आढळतात. जिभेवर कडू पडले की लाळ सुटते, भुकेला चालना मिळते. म्हणूनच कडू घाईने गिळू नये; क्षणभर जिभेवर राहू द्यावे. कडूचे काम तेवढेच. त्याने रोग बरा होतो, असे मात्र कोणी समजू नये.

थोडे चांगले म्हणून पुष्कळ अधिक चांगले, हा हिशेब येथे चालत नाही. 2020 च्या साथीत घरोघरी काढे उकळू लागले. पुढे 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली. तथापि आपल्या मनाने महिनोन्‌महिने काढे घेऊ नयेत, एवढा धडा त्यातून घ्यावाच. गरोदर स्त्रिया, लहान मुले, जठरव्रणाचे व यकृताचे रुग्ण, तसेच मधुमेहाची औषधे घेणारे यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून असली कडू औषधे घेऊ नयेत. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, गिळताना अडणे ही लक्षणे दिसली, तर काढा बाजूला ठेवून दवाखाना गाठावा.

एक गोष्ट आमच्या धंद्यातली. साखर कारखान्याच्या हंगामात तिन्ही पाळ्यांत काम चालते. आज दुपारी जेवायचे, तर पुढच्या पाळीत मध्यरात्री. त्यात घास कोंबून पुन्हा कामाला लागायचे. अशा माणसाला भूक लागत नाही, म्हणून तो काढा शोधतो. 1948 च्या कारखाना कायद्याने पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली, ती उगीच नव्हे. कडूने जठराला सांगितले की अन्न येत आहे, तर मागोमाग अन्न आले पाहिजे आणि ते चावून खाण्याइतका वेळही मिळाला पाहिजे. चटणी घरी वाटता येते. वेळ मात्र चौघांनी मिळून मागावा लागतो.