पुस्तकं दिली, पण वाचली का? एका विषयाचा संशोधन प्रश्न कसा होतो

पेट पास झाल्यावर सिनॉप्सिस लिहायला बसलं की बहुतेकांची एकच अडचण असते: विषय सापडतो, प्रश्न सापडत नाही. आज एक साधा विषय घेऊन त्याचा प्रश्न कसा करायचा ते पाहू. विषय आहे मुलांची वाचून झालेली पुस्तकं गोळा करून गरजू शाळांना देणं. ठिकाण धरू या बीड जिल्ह्यातलं, गेवराई तालुक्यातलं उमापूर.

समजा, शहरातल्या सोसायट्यांतून ३०० पुस्तकं जमली आणि उमापूर परिसरातल्या जिल्हा परिषद शाळांना दिली. अहवालात लिहिलं जाईल, '३०० पुस्तकांचे वाटप'. सोबत एक फोटो. संशोधकाचं काम इथून पुढे सुरू होतं.

१. वाटप म्हणजे परिणाम नव्हे

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय असावं आणि त्यात गोष्टींची पुस्तकंही असावीत असं म्हटलेलं आहे. म्हणजे शाळेत थोडीफार पुस्तकं आधीपासून असू शकतात. मग प्रश्न असा, की दान आलेल्या पुस्तकांनी नेमकी काय भर पडली?

इथे 'वाचन' या शब्दाची कार्यात्मक व्याख्या करावी लागते. नोंदवहीत पुस्तक नेल्याची नोंद म्हणजे वाचन? की मुलाने गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगणं? की इयत्तेनुसार दिलेला उतारा न अडखळता वाचणं? तिन्हींची मोजमापं वेगळी आहेत. कुठलं धरणार ते आधी ठरवा.

२. सहसंबंधाला भुलू नका

२०१० मध्ये एव्हान्स आणि सहकाऱ्यांनी २७ देशांतली माहिती तपासली. ज्या घरांत भरपूर पुस्तकं होती तिथली मुलं, पुस्तकं नसलेल्या घरांतल्या मुलांपेक्षा साधारण ३ वर्षं जास्त शिकली होती. पालकांचं शिक्षण आणि व्यवसाय हिशेबात धरूनही हा फरक राहिला. पण यावरून 'पुस्तकं द्या, मुलं शिकतील' असं म्हणता येत नाही. पुस्तकं जमवणारं घर इतरही अनेक बाबतींत वेगळं असतं.

कार्यकारणभाव तपासायचा तर प्रायोगिक गट आणि नियंत्रित गट हवेत. बोर्कुम आणि सहकाऱ्यांनी कर्नाटकातल्या शालेय ग्रंथालय उपक्रमाची अशी चाचणी घेतली. शोधनिबंध २०१२ चा आहे. १६ महिन्यांनंतर मुलांच्या भाषेच्या गुणांत सरासरी काहीच फरक दिसला नाही.

मग पुस्तकं देणं सोडून द्यायचं का? तसंही नाही. फिलिपिन्समध्ये १०० शाळांतल्या चौथीच्या वर्गांवर झालेल्या अभ्यासात वयाला साजेशी पुस्तकं, शिक्षकांचं प्रशिक्षण आणि ३१ दिवसांचा वाचनाचा कार्यक्रम एकत्र दिला. तिथे वाचनाचे गुण वाढले. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवा. नुसती पुस्तकं पोहोचवणं आणि वर्गात वाचनाला ठरलेला वेळ देणं हे दोन वेगळे चल आहेत. तुमच्या अभ्यासात ते वेगळे मांडा.

३. देणाऱ्याकडे काय उरलं, यावर पेटी भरते

दान आलेल्या पुस्तकांत निवड वाचकाची नसते. शहरातली बरीच मुलं इंग्रजी माध्यमातली, त्यामुळे गठ्ठ्यात इंग्रजी पुस्तकं भरपूर येणार. केनियात ग्लेवे, क्रेमर आणि मूलां यांनी पाहिलं, की मोफत इंग्रजी पाठ्यपुस्तकांचा फायदा फक्त आधीच हुशार असलेल्या मुलांना झाला. इतरांना ती नीट वाचताच येत नव्हती. म्हणून वाटपाआधी भाषा आणि पातळीनुसार वर्गीकरण करा. प्रथम बुक्सने पुस्तकांना दिलेल्या १ ते ४ या वाचनपातळ्या त्यासाठी नमुना म्हणून वापरता येतील. कोणत्या पातळीची किती पुस्तकं आली, हाही तुमचा डेटाच आहे.

४. उमापूरसाठी कॅलेंडर बदला

बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत परततात. काही मुलं गावातच हंगामी वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे राहतात, तर काही आई-वडिलांबरोबर फडावर जातात.

आता विचार करा. तुम्ही पूर्वचाचणी जुलैत घेतली आणि उत्तरचाचणी फेब्रुवारीत. त्या दिवशी वर्गात कोण बसलेलं असेल? जे गेले नाहीत ते. ज्या मुलाला पुस्तकाची सर्वांत जास्त गरज होती तेच तुमच्या आकडेवारीतून गळेल आणि सरासरी छान दिसेल. याला नमुन्यातली गळती म्हणतात. त्यामुळे एक चाचणी मुलं निघण्याआधी घ्या, एक परतल्यावर, आणि गेलेल्यांची नावनिहाय नोंद ठेवा.

इथेच खरा प्रश्न हाती लागतो. पुस्तक शाळेच्या कपाटात ठेवायचं की जाणाऱ्या मुलाच्या पिशवीत द्यायचं? नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमात २००९ पासून पुस्तकांची पेटीच वाचकांकडे जाते. ती पेटी कोपीपर्यंत गेली तर?

मग प्रश्न असा लिहिता येईल: 'स्थलांतरित ऊसतोड कुटुंबांतील तिसरी ते पाचवीच्या मुलांना हंगामापूर्वी पातळीनुसार मराठी पुस्तके सोबत दिल्यास, परतल्यानंतरच्या त्यांच्या वाचनपातळीत, शाळेतच पुस्तके ठेवलेल्या शाळांतील अशाच मुलांच्या तुलनेत फरक पडतो का?' कोणत्या शाळांनी पुस्तकं सोबत द्यायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. उरलेल्या शाळांना पुढच्या वर्षी तीच सोय द्या, म्हणजे कुणी कायमचं वंचित राहत नाही.

आता तुमचा स्वतःचा विषय घ्या आणि कागदावर तीन ओळी लिहा: काय दिलं, काय मोजणार, आणि मोजायच्या दिवशी कोण गैरहजर असेल. तिसरी ओळ बहुतेक सिनॉप्सिसमध्ये नसते. गाईडकडे जाण्याआधी ती भरा.